'रीडिस्ट्रिक्टिंग' म्हणजे जिल्हा पुनर्रचना नव्हे, आणि 'नॉनपार्टिझन' म्हणजे अपक्षही नव्हे

प्रश्न न्यू जर्सीहून आलाय. तिथे एक ताई मतदारांना माहिती देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक आहेत, मराठी ज्येष्ठांसाठी पत्रक करतायत. पहिलं वाक्य असं: "आमची अपक्ष संस्था जिल्हा पुनर्रचनेबाबत वकिली करते." ते वाचून त्यांच्या आईने विचारलं, "कुठला नवीन जिल्हा होतोय, आणि वकील कोण आहे?" मग नॉनपार्टिझन, रीडिस्ट्रिक्टिंग आणि ॲडव्होकसी (म्हणजे ती 'वकिली') यांना नेमके शब्द काय, असं ताई विचारतायत.

आईंचं काहीही चुकलेलं नाही. मराठी माणसाला जिल्हा म्हटलं की कलेक्टर ऑफिस आठवतं, 2014 साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला तसं काहीतरी डोळ्यापुढे येतं. अमेरिकेत आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाते ती काउंटी, आणि निवडणुकीतलं डिस्ट्रिक्ट म्हणजे सरळ मतदारसंघ. त्यामुळे रीडिस्ट्रिक्टिंगला 'मतदारसंघ पुनर्रचना' म्हणा, 2008 मध्ये कराड लोकसभा मतदारसंघ गेला आणि मावळ, शिरूर नव्याने आले तेव्हापासून हा शब्द सगळ्यांच्या कानावरचा आहे. 'परिसीमन' कायद्याच्या भाषेत ठीक, घरात कोणी बोलत नाही, आणि 'सीमांकन' म्हटलं की जमिनीची मोजणी आठवते. मला स्वतःला पत्रकासाठी 'फेरआखणी' जास्त आवडतो, कारण त्यात नकाशावर रेघ मारणारा हात दिसतो.

मात्र एक घोळ होऊ देऊ नका. अमेरिकेत कामं दोन आहेत, दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर आधी अमेरिकी संसदेच्या (तिला तिथे काँग्रेस म्हणतात) प्रतिनिधिगृहातल्या 435 जागांपैकी कुठल्या राज्याला किती ते ठरतं (2020 नंतर टेक्सासला 2 वाढल्या, कॅलिफोर्नियाची 1 गेली) आणि मग राज्याच्या आत रेघा मारल्या जातात. पहिल्या कामाला 'जागावाटप' लिहायचा मोह होईल, पण लिहू नका, आपल्याकडे जागावाटप म्हणजे युतीतल्या पक्षांनी आपसात जागा वाटून घेणं. 'राज्यनिहाय जागांची संख्या' असं लांबलचक लिहा, पण तेच बरोबर आहे.

आता 'अपक्ष'. हा शब्द उमेदवाराला लागतो, म्हणजे जो कुठल्याही पक्षाच्या तिकिटाशिवाय उभा राहतो. संस्था अपक्ष म्हटली की वाटतं तीच निवडणूक लढवतेय. 'निःपक्षपाती' हा न्यायाधीशाचा किंवा अंपायरचा गुण, आणि 'पक्षविरहित' म्हणजे जिथे पक्षच नाहीत असं, जयप्रकाश नारायणांच्या पक्षविरहित लोकशाहीतल्यासारखं. तुमच्या संस्थेला पक्ष असण्याबद्दल तक्रार नाही, ती फक्त कुणाचा प्रचार करत नाही, तरी मुद्द्यांवर ठाम भूमिका घेते. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही अमेरिकेतली मतदारांसाठी काम करणारी संस्था 1920 पासून असंच काम करते. याला 'पक्षनिरपेक्ष' हा शब्द चपखल बसतो, धर्मनिरपेक्षच्या चालीवरचा असल्यामुळे समजावून सांगावा लागत नाही. आणि 'तटस्थ' अजिबात नको, तटस्थ माणूस काठावर बसतो, तुम्ही तर पाण्यात उतरलेल्या आहात!

याच्याच शेजारचा 'द्विपक्षीय' (बायपार्टिझन), म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून केलेलं. तुमच्या न्यू जर्सीत काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) मतदारसंघ 13 जणांचं कमिशन आखतं, दोन्ही पक्षांनी नेमलेले 6-6 आणि तेरावा स्वतंत्र, म्हणजे ते द्विपक्षीय झालं, पक्षनिरपेक्ष नाही. कॅलिफोर्नियाच्या नागरिक आयोगात 5 डेमोक्रॅट, 5 रिपब्लिकन आणि 4 दोन्हीपैकी कुठलेच नाहीत अशी 14 सामान्य माणसं असतात, ते वेगळं. (2025 मध्ये टेक्सासच्या आणि कॅलिफोर्नियाच्या काँग्रेसच्या नकाशांची फेरआखणी दशकाच्या मधेच झाली, म्हणून पत्रकात नुसतं "दर दहा वर्षांनी होते" लिहून थांबू नका.)

'वकिली'ऐवजी 'पाठपुरावा' घ्या. अर्ज देऊन, परत जाऊन, परत विचारून काम मार्गी लावणं या सगळ्याला आपल्याकडे हा एकच शब्द आहे आणि तो कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असतो.

'जेरीमँडरिंग', म्हणजे आपल्या पक्षाला फायदा होईल अशा रेघा मारणं, याला एका शब्दात बसवायचा हट्ट सोडा. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या कायद्यात एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की तो सॅलमँडर प्राण्यासारखा दिसला, आणि गेरी नि सॅलमँडर जोडून हा शब्द झाला. मराठीत 'सोयीची आखणी' म्हणा आणि लगेच दोन क्रियापदं द्या, फोडणं आणि कोंबणं. एकाच बाजूला मत देणारी वस्ती चार मतदारसंघांत फोडली की ती कुठेच जिंकत नाही, आणि सगळी एकातच कोंबली की एकच जागा जिंकते, बाकी मतं वाया. फक्त 'मतं फोडली' लिहू नका, त्याचा आपल्याकडे वेगळा अर्थ होतो, 'वस्ती फोडली' लिहा.

खरं तर या विषयाचे आपले सगळ्यात जिवंत शब्द महापालिकेत सापडतात. आमच्याकडे प्रारूप प्रभागरचनेचा नकाशा भिंतीवर लागला तेव्हा मी बघायला गेले होते, एक आजोबा काचेवर बोट फिरवत आपली गल्ली शोधत होते, नाल्यापाशी येऊन बोट थांबलं आणि म्हणाले, "अहो, आमचं मंदिर ह्यात आणि आम्ही त्यात." मग ते हरकतीचा अर्ज कुठे द्यायचा विचारू लागले. 'हरकती व सूचना', 'सुनावणी', 'प्रारूप', 'अंतिम' हे शब्द तुमच्या पत्रकात जसेच्या तसे चालतील, पब्लिक हिअरिंगला 'जाहीर सुनावणी' म्हटलं की आईंना कळेल तिथे जाऊन बोलता येतं.

मग वाक्य असं होईल: "आम्ही कुठल्याही पक्षाचा प्रचार करत नाही. मतदारसंघांची फेरआखणी उघडपणे आणि न्याय्य व्हावी यासाठी पाठपुरावा करतो. तुमची वस्ती नकाशात फोडली गेली असेल तर जाहीर सुनावणीत येऊन सांगा."

राहिला 'कम्युनिटी ऑफ इंटरेस्ट', म्हणजे ज्यांचे प्रश्न सारखे म्हणून ज्यांना एकाच मतदारसंघात ठेवावं असे लोक. 'हितसंबंधी गट' चालणार नाही, मराठीत हितसंबंध म्हटलं की कुणाचा तरी स्वार्थ वाटतो. सध्या 'सारख्या गरजा असलेली वस्ती' लिहा, माझं अजून त्यावर समाधान नाही. आईंना परत वाचायला द्या आणि त्या कुठे अडल्या ते नक्की कळवा.