सालीसकट भाजलेला बटाटा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात ओव्हनच्या निगेविषयी लिहिताना भाजलेल्या बटाट्याचा उल्लेख दोन ओळींत येऊन गेला होता. त्या दोन ओळींवर कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला देणे योग्य वाटले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगा शिक्षणासाठी दोन वर्षे इंग्लंडमध्ये होता. तेथे मिळतो तसा ‘जॅकेट पोटॅटो’ त्याला घरी करून द्यावा, म्हणून बटाटे धुऊन, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर पाऊण तास ठेवले. साल ओलसर आणि सुरकुतलेली निघाली, गर चिकट झाला आणि मध्यभागी थोडा कच्चा राहिला. चव तर थेट उकडलेल्या बटाट्याची होती. माझे काय चुकले? (एक वाचक भगिनी, राजारामपुरी)

उत्तर : आपले बटाटे भाजले गेलेच नाहीत, ते स्वतःच्याच वाफेत उकडले गेले, म्हणून आपल्याला आलेली चव अगदी बरोबर ओळखता आली. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत हे पाणी सालीतून हळूहळू बाहेर पडते, साल सुकते, आणि ती पुरती सुकल्यावरच तिचे तापमान १०० अंशांच्या वर जाऊन तिला खमंगपणा व तांबूस रंग येतो. फॉइलच्या आत मात्र ही वाफ कोंडून राहते, त्यामुळे साल शेवटपर्यंत ओली राहते आणि ओव्हन कितीही तापला तरी ती १०० अंशांपुढे जाऊ शकत नाही. फॉइलमुळे बटाटा अधिक वेळ गरम राहतो हे खरे, आणि हॉटेलांत त्याचा वापर त्यासाठीच होतो, परंतु घरी ओव्हनमधून थेट ताटात वाढायचे असताना फॉइलचे काहीच काम नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. बटाट्यातील स्टार्चचे कण साधारण ६० ते ६५ अंशांपासून पाणी शोषून फुगू लागतात, परंतु गर मोकळा, पिठूळ आणि काट्याने सहज कुस्करता येईल असा व्हायला मध्यभागाचे तापमान ९६ ते ९९ अंशांपर्यंत जावे लागते. पाव किलोच्या बटाट्याला १८० अंशांवर पाऊण तास हा त्यासाठी फार कमी वेळ आहे. ओव्हन २०० ते २१० अंशांवर ठेवून असा बटाटा सुमारे एक तास भाजावा, आणि किलोला सहा-सात बसतील असा लहान बटाटा असेल तर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे पुरतात. घरगुती ओटीजीचे तापमान बटणावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून वेळेवर विसंबण्यापेक्षा विणकामाची बारीक सुई बटाट्याच्या मध्यापर्यंत घालून पाहावी. ती लोण्यात शिरावी तशी कोठेही न अडता आत गेली की बटाटा झाला.

माझी पद्धत अशी आहे. बटाटे भाजीच्या ब्रशने घासून धुवावेत, अर्धी वाटी पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात ते सर्व बाजूंनी बुडवून काढावेत आणि काट्याने सहा-सात ठिकाणी टोचावेत. टोचले नाही तरी बहुतेक बटाटे फुटत नाहीत, पण एखादा फुटलाच तर संपूर्ण ओव्हन घासत बसावे लागते, म्हणून तेवढी खबरदारी घ्यावी. ओव्हन वरचा व खालचा असे दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटे आधी तापवावा आणि बटाटे ट्रेमध्ये न ठेवता मधल्या जाळीवरच सुटे ठेवावेत, म्हणजे खालची बाजूही हवेला उघडी राहते. ठिबकले तर पडावे म्हणून तळाशी ट्रे ठेवता येईल. मिठाच्या पाण्याने सालीवर मिठाचा अगदी पातळ थर बसतो आणि साल चवदार होते. तेल सुरुवातीला लावू नये, कारण आधी लावलेल्या तेलाने साल पुष्कळदा चामट होते. सुईची परीक्षा उतरल्यावर बटाटे बाहेर काढून त्यांना एक-एक चमचा शेंगतेल चोळावे आणि पुन्हा दहा मिनिटे आत ठेवावे. बोटाने टिचकी मारली की सालीचा पोकळ, पापडासारखा आवाज आला पाहिजे.

यानंतरची दोन मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि बहुतेक घरांत येथेच घोटाळा होतो. बटाटा बाहेर काढून झाकून ठेवला, किंवा ‘सगळे जेवायला बसल्यावर कापू’ म्हणून तसाच ठेवला, तर आतली वाफ गरातच पाणी होऊन बसते आणि तासाभराची मेहनत वाया जाते. बाहेर काढताक्षणी वरून सुरीने अधिकाच्या चिन्हासारखे दोन छेद द्यावेत, स्वच्छ फडक्याने बटाटा दोन्ही टोकांना धरून आतल्या बाजूला दाबावा, म्हणजे गर भातासारखा मोकळा होऊन छेदातून वर येतो आणि वाफेचा लोट निघून जातो. चेहरा मात्र जवळ नेऊ नये, ही वाफ चांगलीच पोळते.

प्रश्न : लक्ष्मीपुरीच्या बाजारात विचारले तर ‘इंदोर’ किंवा ‘आग्रा’ एवढेच उत्तर मिळते. भाजण्यासाठी नेमका कोणता बटाटा घ्यावा? आणि पावसाळ्यात बटाटे गोड का लागतात? (दोन वाचकांचे प्रश्न एकत्र)

उत्तर : विक्रेता सांगतो ते गावाचे नाव असते, वाणाचे नसते. आपल्याकडील बहुतेक वाण शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेले आहेत आणि शिमल्याजवळच्या कुफ्री या गावावरून त्यांच्या नावाआधी ‘कुफ्री’ लागते. भाजण्यासाठी कोरडा, स्टार्च जास्त असलेला बटाटा लागतो. ‘चिपसोना’ हा वेफर्स करण्यासाठीच काढलेला वाण या दृष्टीने उत्तम आहे आणि मार्केट यार्डातील कांदा-बटाट्याच्या घाऊक व्यापाऱ्यांना तो नावाने ठाऊक असतो. ‘ज्योती’ चालतो. ‘पुखराज’ पाणीदार असल्यामुळे रस्सा भाजीला चांगला, पण भाजल्यावर तो चिकट लागतो.

वाण कळला नाही तर घरी एक सोपी परीक्षा करता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात बटाटा सोडावा. स्टार्च जास्त असलेला बटाटा जड असल्यामुळे बुडतो आणि पाणीदार बटाटा तरंगतो. कपिलतीर्थ मंडईतून एकाच पाटीतून आणलेल्या दहा बटाट्यांपैकी मी परवा ही परीक्षा केली, तेव्हा चार बुडाले आणि सहा तरंगले. बुडालेले चार भाजले, उरलेले सहा रश्शात गेले, आणि दोन्ही पदार्थ चांगले झाले. मीठ वाया जात नाही, कारण तेच पाणी पुढच्या खेपेला गाळून वापरता येते.

गोड लागण्याचे कारण शीतगृहात आहे. उत्तरेकडील बटाटा जानेवारी ते मार्च या काळात निघतो, आणि पावसाळ्यात आपल्या हाती येणारा त्यातील पुष्कळसा माल २ ते ४ अंशांवर काही महिने राहिलेला असतो. इतक्या थंडीत बटाट्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर होऊ लागते. असा बटाटा भाजला की आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो. तो घरातील कोरड्या, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी टोपलीत दोन-तीन आठवडे ठेवला तर साखरेचा बराचसा भाग पुन्हा स्टार्चमध्ये बदलतो आणि गोडी कमी होते. याच कारणाने कच्चा बटाटा घरच्या फ्रीजमध्येही ठेवू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास साताऱ्याच्या खटाव भागातून आणि पुणे जिल्ह्यातील आंबेगाव-खेडकडून खरिपाचा ताजा बटाटा येतो, त्यात ही गोडी नसते, पण त्याची साल फार नाजूक असते, म्हणून तोही आठवडाभर सुकू द्यावा.

हिरवट झालेला भाग खोलवर कापून टाकावा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चव कडू लागली तर तो संपूर्ण टाकून द्यावा, कारण त्यातील सोलॅनिन हे विषारी द्रव्य भाजल्याने नाहीसे होत नाही. सालीसकट खायचा पदार्थ असल्यामुळे येथे काटकसर करू नये.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही आणि घेण्याचा विचारही नाही. गॅसवर किंवा चुलीत हा पदार्थ होईल का? (एक वाचक, करवीर तालुका)

उत्तर : अवश्य होईल. ओव्हन नव्हता तेव्हाही माणसे बटाटा भाजूनच खात होती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर विक्रेते खाली विस्तव असलेले पत्र्याचे डबे घेऊन हिंडत आणि गरम भाजलेले बटाटे विकत. आपल्या भागात गुऱ्हाळाचे चुलवण होते. माझ्या आजोळी गुऱ्हाळ लागले की आम्ही मुले खिशात बटाटे आणि रताळी भरून जात असू. काहिलीखाली चिपाडाचा जाळ अखंड चाललेला असे, आणि चुलवणातून ओढून बाजूला काढलेल्या राखेच्या ढिगात जळण घालणारे मामा आमचे बटाटे पुरून ठेवत. गुळाची काहील उतरेपर्यंत बटाटे तयार होत. वरची साल कोळशासारखी काळी होई, पण ती फोडली की आतली दुसरी कड तांबूस, जाड आणि खमंग निघे, आणि गरम गुळाच्या वासात तो नुसत्या मिठाशी खाल्लेला बटाटा आजही जिभेवर आहे.

चुलीत भाजायचा असेल तर जाळ किंवा लालभडक निखारे उपयोगाचे नाहीत, त्यात साल जळते आणि मध्य कच्चा राहतो. स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या फुफाट्यात कोरडे बटाटे पूर्ण पुरावेत, वर थोडा आर पसरावा आणि पाऊण ते एक तासाने सुईने पाहावे. जळणात प्लॅस्टिक किंवा टायरचे तुकडे गेलेले असतील तर त्या राखेत काहीही भाजू नये.

गॅसवर करायचे तर जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी. तिच्यात दोन बोटे उंचीचा जाड्या मिठाचा थर पसरून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावा, त्यावर किलोला सहा-सात बसतील असे पूर्ण पुसलेले बटाटे एकमेकांना न चिकटता ठेवावेत आणि झाकण ठेवून आच मंद करावी. दर पंधरा मिनिटांनी बटाटे फिरवावेत. एक तास ते सव्वा तास लागतो. शेवटची पंधरा मिनिटे झाकण तिरके ठेवून वाफ जाऊ द्यावी. हे मीठ गार करून बरणीत भरून ठेवले की पुन्हा याच कामाला येते. नॉनस्टिक भांडे किंवा ॲल्युमिनियमचा कुकर यासाठी वापरू नये, आणि कढई लगेच धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवावी, नाहीतर मिठाने ती गंजते. बाटीसाठी मिळणारा गॅस तंदूर घरी असेल तर तोही चालतो.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये सात मिनिटांत होतो असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : सात मिनिटांत शिजतो, भाजला जात नाही. मायक्रोवेव्हमध्ये आजूबाजूची हवा थंडच राहते, त्यामुळे बाहेर आलेला ओलावा सालीवर तसाच राहतो. घाई असेल तेव्हा टोचलेला बटाटा मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटे, मध्ये एकदा उलटून, फिरवावा आणि मग तापलेल्या ओटीजीमध्ये वीस मिनिटे ठेवावा. चव पूर्ण तासाच्या बटाट्याइतकी येत नाही, पण साल बरीच सुधारते. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत मात्र चांगला होतो.

प्रश्न : संध्याकाळी वीस मंडळी येणार आहेत. सकाळीच बटाटे भाजून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवले तर चालेल का? (एक वाचक भगिनी, फुलेवाडी)

उत्तर : कृपया असे करू नका. मातीतून आलेल्या बटाट्याच्या सालीवर बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू सुप्त बीजाणूंच्या रूपात असू शकतात आणि ते भाजण्याच्या उष्णतेतही टिकतात. फॉइलच्या आत हवा पोहोचत नाही, ओलावा असतो, आणि बटाटा तासन्‌तास कोमट राहतो. विष तयार होण्यासाठी त्यांना नेमकी हीच परिस्थिती लागते. १९९४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एल पासो येथे ३० जणांना या विषबाधेने आजारी पाडले होते, आणि त्याचे मूळ फॉइलमध्ये भाजून तसेच बाहेर ठेवलेल्या बटाट्यांत सापडले.

वीस मंडळींसाठी बटाटे धुऊन, पुसून, टोचून तयार ठेवावेत आणि पाहुणे येण्याच्या वेळेचा हिशेब करून ओव्हनच्या दोन खेपा लावाव्यात. पहिली खेप छेद न देता, उघडीच, १०० अंशांच्या आसपासच्या ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास बरी राहते. उरलेले बटाटे दोन तासांच्या आत फॉइलशिवाय फ्रीजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोडी करून तव्यावर तेलात परतल्या तर न्याहारीला उत्तम लागतात.

प्रश्न : परदेशी पद्धतीचे सॉवर क्रीम येथे सहज मिळत नाही. वर काय घालावे? उपवासाला चालेल का? (अनेक वाचक)

उत्तर : ज्या गावात म्हशीचे दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळते, त्या गावात क्रीमचा डबा शोधण्याची गरज नाही. ताजे लोणी हा पहिला थर, आणि तो बटाटा दाबल्याबरोबर, वाफ असतानाच घालावा, म्हणजे ते गरात मुरते. त्यावर मीठ लावून फेटलेला घट्ट चक्का एक मोठा चमचा आणि चिमूटभर कांदा-लसूण चटणी. चटणी थेट गरावर न टाकता गरम लोण्यात कालवून घातली तर तिचा कच्चा तिखटपणा जातो आणि रंगही सुरेख पसरतो. मिसळीची मटकीची उसळ, कट न घेता, नुसती कोरडी वर घातली तर एका बटाट्यात एका माणसाचे जेवण होते. चीज घालायला हरकत नाही, पण चांगला भाजलेला गर त्याखाली दबून जातो असे माझे मत आहे.

उपवासाला तर हा पदार्थ फार सोयीचा आहे. सालीला शेंगतेलाऐवजी साजूक तूप चोळावे. वर दही, दाण्याचे जाडसर कूट, मीठ आणि तुपात तडतडवलेले जिरे घालावे, आणि हिरवी मिरची मिठासोबत खलबत्त्यात ठेचून तिचा ठेचा बाजूला ठेवावा. दह्याचे पाणी आधी फडक्यातून निथळून घ्यावे, नाहीतर ते खाली उतरून साल मऊ पडते.