गाताना लाजणाऱ्या मुलीसाठी कराओकेची सोपी जपानी गाणी

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये पुण्याहून योकोहामाला येताय आणि मुलगी इथे तिसरीत जाईल. ती घरात गुणगुणते, पण चारचौघांत तोंड उघडत नाही, आणि जपानी मुलं सारखी कराओकेला जातात हे कुणाकडून तरी ऐकून आत्ताच धास्तावली आहे. तिला कुठली सोपी जपानी पॉप गाणी शिकवावीत, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी तिची धास्ती काढा. प्राथमिक शाळेतली मुलं एकटी कराओकेला जात नाहीत, बऱ्याच शाळांचा तसा नियमच असतो. जाणं होतं ते घरच्यांबरोबर, नाहीतर वर्गातल्या दोन-तीन मुली आणि त्यांच्या आया अशा गटात. तिथे स्टेज वगैरे नसतं. तासावर किंवा अर्ध्या तासावर भाड्याने घेतलेली बंद खोली, सोफा, टीव्ही, दोन माइक आणि एखादी खंजिरी, बस्स. एक जण गात असतो तेव्हा बाकीचे टॅबलेटमध्ये डोकं घालून आपलं पुढचं गाणं शोधत असतात. गाणं संपलं की टाळ्या वाजतात, कसंही गायलं असलं तरी. शाळेतही समूहगान असतं, आणि तिसरीत सगळ्यांच्या हातात रेकॉर्डर म्हणजे ती प्लास्टिकची बासरी येते, त्यामुळे निम्मा वेळ त्यातच जातो.

आता गाणी. माझं मत असं की जे गाणं सुरू झाल्यावर खोलीतली बाकीची मुलं आपोआप सूर लावतात, तेच लाजऱ्या मुलीसाठी सोपं. गाजलेलं असणं वेगळं. योआसोबी या जपानी पॉप जोडीचं 'आयडॉल' (२०२३) प्रत्येक मुलीला येतं, पण त्याचा वेग असा की जपानी मोठ्या माणसांचीही बोबडी वळते. 'डेमन स्लेयर' या कार्टून मालिकेचं 'गुरेन्गे' तसंच, तारसप्तकात ओरडायला लावतं. ही दोन्ही गाणी पहिल्या वर्षी बाजूला ठेवा, कितीही आग्रह झाला तरी.

सुरुवात 'साम्पो'पासून करा. १९८८ च्या 'तोतोरो' चित्रपटातलं आरंभीचं गाणं, संगीत जो हिसाइशींचं. चाल चालण्याच्या ठेक्यावर आहे, ओळी लहान, श्वास घ्यायला भरपूर जागा. बालवाडीपासून सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे दुसऱ्या ओळीला तिच्या आवाजावर आणखी चार आवाज येतात आणि आपण एकटेच गातोय ही भावना उरत नाही.

दुसरं 'पाप्रिका'. केन्शी योनेझुने लिहिलेलं, फूरिन या पाच मुलांच्या गटाने २०१८ मध्ये गायलेलं. पुढच्या वर्षी त्याला जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. याचा खरा फायदा नाचात आहे. हातवारे ठरलेले, देशभरच्या मुलांना येतात. तुमची मुलगी पहिल्यांदा नुसती नाचली आणि ध्रुपदापुरतं गायली तरी ती 'गाण्यात' असते. कडवी थोडी खालच्या सुरात आहेत, ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणू द्या.

तिसरं गाणं गंमतीचं आहे: 'ओदोरु पोम्पोकोरिन', 'चिबी मारुकोचान' या कार्टून मालिकेच्या शेवटी लागणारं १९९० चं गाणं. ध्रुपद म्हणजे बासरी-ढोलाच्या आवाजांची अर्थहीन बडबड. उच्चार चुकायचा प्रश्नच येत नाही, कारण चुकायला अर्थ लागतो. नव्या भाषेत आलेल्या मुलासाठी यासारखं गाणं नाही.

हिंदीतून डोरेमॉन पाहून ती मोठी झाली असेलच. मग 'युमे ओ कानाएते दोराएमोन' घ्या, हे २००७ पासून अनेक वर्षं मालिकेचं शीर्षकगीत होतं. पात्रं ओळखीची असली की मुलं शब्द झटकन उचलतात.

आणि एक गाणं असं, जे पॉप नाही पण मी सगळ्यांना सांगते: 'युयाके कोयाके', १९२३ चं बालगीत. इथे संध्याकाळी गावातल्या भोंग्यांवरून मुलांनी घरी जावं म्हणून धून वाजवतात, आणि अनेक ठिकाणी ती हीच असते. शिवाय तिच्यात मध्यम आणि निषाद नाहीत, म्हणजे सरळ भूपाचे सूर. मुलगी पेटी किंवा गाणं शिकली असेल तर पहिल्याच दिवशी वाजवून दाखवेल. क्यू साकामोतो या गायकाचं 'उए ओ मुइते आरुकोऽ' (१९६१) याचीही मुख्य चाल बरीचशी याच सुरांत फिरते. अमेरिकेत १९६३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'सुकियाकी' ते हेच. त्यात एक तुकडा चक्क शिट्टीवर आहे. गाणार नाही म्हणाली तर शिट्टी वाजवू दे. मैत्रिणींच्या आजी-आजोबांसमोर तर हे गाणं हमखास चालतं.

तयारीसाठी रोमन लिपीतले शब्द छापून देऊ नका, देवनागरीत लिहा. जपानी स्वर अ, इ, उ, ए, ओ असे आपल्या ओळखीचेच आहेत, आणि गाण्यात साधारणपणे एका अक्षराला एक सूर मिळतो. आपली मुलं अडखळतात ती तीनच ठिकाणी. पहिलं म्हणजे 'न्'. 'अन्पन्मन्' या कार्टूनमधल्या नायकाचं नाव आपण 'अंपंमं' असं तीन अक्षरांत गुंडाळतो, तिथे मात्रा सहा आहेत: अ-न्-प-न्-म-न्. दुसरं, जोडाक्षराआधीची थांबणूक: 'कित्तो' हे कि, मग एक मात्रा गप्प, मग तो. तिसरं, 'देस्' असं बोलतात, पण गाताना 'सु'लाही बहुतेक वेळा स्वतःचा सूर असतो. वहीत या जागांवर पेन्सिलीने टिंब करून ठेवा, तेवढंच पुरतं. इथे आल्यावर हिरागाना म्हणजे जपानी उच्चारलिपी शिकली की पडद्यावर वाचू लागेलच. कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांच्या, डोक्यावर छोट्या अक्षरांत उच्चार दिलेला असतो आणि शब्द रंगत जातात.

मशीनबद्दल. दोन मोठ्या यंत्रणा आहेत, दाम आणि जॉयसाउंड. दामच्या टॅबलेटला डेन्मोकु म्हणतात. खोलीत शिरल्यावर गुण देण्याची सोय बंद आहे ना ते आधी बघा, जपानीत 'साइतेन'. धीट मुलांना ती आवडते, लाजऱ्या मुलीला ६२ गुण दिसले की संपलं. मग इको थोडा वाढवा. आवाज भरल्यासारखा वाटतो आणि थरथर लपते. पट्टी बदलायची बटणंही असतात. पुरुषांनी गायलेली गाणी मुलांना बहुधा फार खाली जातात, तिथे दोन-तीन पायऱ्या वर करून बघा. काही गाण्यांना सोबतीला गायकाचा आवाज ठेवता येतो, सुरुवातीला तो लावाच. माइक हातात घ्यायची सक्ती नको. पहिल्या खेपेला खंजिरी दिली तरी चालते, तालात मुलं रमतात आणि तिसऱ्या गाण्याला ओठ हलायला लागतात. माझ्या लेकाचं असंच झालं.

मैत्रिणींबरोबर जायच्या आधी तुम्ही दोघी जाऊन या. दिवसा, आठवड्याच्या मधल्या वारी दर बरेच कमी असतात. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा. बहुतेक ठिकाणी माणशी एक पेय घ्यावं लागतं किंवा हवी तेवढी पेयं घ्यायची सोय असते, कुठे कुठे आइस्क्रीमचं यंत्रही. त्या यंत्राच्या आशेने मुलं गाण्याचं सहन करतात. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या फोडींपलीकडे फारसं काही नाही. मानेकिनेको या साखळीत बाहेरचं खाणं नेऊ देतात, तिथे डबा घेऊन जा. काही शाखांत गाद्या घातलेली मुलांची खोली मिळते, आधी फोन करून विचारा.

तिसरीच्या मुलीसाठी एवढी यादी पुष्कळ आहे. पाचवी-सहावीत गेली की 'साम्पो' बाळबोध वाटायला लागेल, तेव्हा स्पिट्झ या बँडचं 'चेरी' (१९९६) किंवा 'मोंगोल ८००' या बँडचं 'चीसाना कोइ नो उता' (२००१) घ्या. दोन्हींची चाल सरळ आहे, आणि तिच्या जपानी मैत्रिणींच्या आयांनाही ती तोंडपाठ असतील.