चित्र एकच, निकाल दोन

प्रश्न : मुलाच्या नोकरीमुळे वर्षभर सिडनीत आहोत आणि रग्बी लीगचे सामने पाहण्याची गोडी लागली आहे. व्हिडिओ पंच चित्रण पुन्हा पुन्हा पाहतात. तरीही अगदी सारख्या प्रसंगांत एकदा ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) मिळतो आणि एकदा नाकारला जातो. असे का?

उत्तर : आपल्याला जी विसंगती वाटते ती पुष्कळदा नियमातच आहे. मैदानावरील पंच बंकरकडे, म्हणजे चित्रण पाहणाऱ्या व्हिडिओ पंचांच्या कक्षाकडे, विचारणा करण्यापूर्वी 'ट्राय' किंवा 'नो ट्राय' असा आपला निर्णय सांगतो, आणि तो फिरवण्याइतका पुरावा दिसला तरच बंकरने तो फिरवायचा असतो. पाच-सहा खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली चेंडू दडला आणि कोणत्याच कॅमेऱ्याला तो टेकताना दिसला नाही, तर पंच आधी जे बोलला तेच कायम राहते. क्रिकेटमधला 'अंपायर्स कॉल' आठवावा. पूर्वी शंकेचा फायदा चढाई करणाऱ्या संघाला मिळत असे. माझ्या मते ती पद्धत ढोबळ असली, तरी प्रेक्षकाला कळायला सोपी होती.

खरी तफावत अडथळ्याच्या निर्णयांत दिसते. बचावपटूला कोणी अडवले, की त्यानेच चुकीचा माणूस धरला, हे मंदगती चित्रणही सांगत नाही. तेथे पाहणाऱ्याचे मतच चालते. शिवाय पुढे फेकलेला पास (रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकणे नियमबाह्य असते) बंकरच्या कक्षेत येत नाही, कारण कॅमेरा तिरका असतो आणि धावणाऱ्याच्या वेगाने मागे टाकलेला चेंडूही पुढे सरकतो.

ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेच्या (एनआरएल) २०१९च्या अंतिम सामन्यात कॅनबेरा रेडर्स आणि सिडनी रूस्टर्स ८-८ अशा बरोबरीत असताना पंचाने हात फिरवून रेडर्सना नव्याने सहा टॅकल दिले (सहा वेळा पकडले जाईपर्यंतच चेंडू संघाकडे राहतो, म्हणून शेवटच्या टॅकलपूर्वी तो सहसा लाथाडतात) आणि लगेच तो इशारा मागे घेतला. हे न कळल्याने रेडर्सच्या जॅक वायटनने चेंडू लाथाडला नाही; तो चेंडूसकट पकडला गेला, ताबा रूस्टर्सकडे गेला, थोड्याच वेळात त्यांनी ट्राय केला आणि सामना १४-८ असा जिंकला. बदललेला निर्णय नियमाला धरून होता; चुकला तो आधीचा इशारा, आणि फिरलेला हात कोणत्या बंकरने परत घ्यायचा?

इंग्लंडच्या सुपर लीग या रग्बी लीग स्पर्धेत तर १९९६ पासून अनेक वर्षे फक्त दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांनाच व्हिडिओ पंच मिळत असे, म्हणजे एकाच गुणतक्त्यातले काही सामने पडद्यावर आणि बाकीचे नुसत्या डोळ्यांनी ठरत; सर्व सामन्यांना ही सोय २०२४ मध्ये मिळाली. पुढच्या सामन्यात पडद्याकडे वळण्याआधी पंचाचा पहिला निर्णय तेवढा लक्षात ठेवून पाहा.