क्वालिटी न घालवता फोटोची साइज कमी करता येते का? नेट अन् जागा दोन्ही वाचवायची आहे

येते ना, काहून नाई येणार. पण "क्वालिटी ५० वर टाक, कोण भिंग लावून पाहते" असं कोणी सांगतलं असन तर त्याचं बिलकुल ऐकू नका.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं अन् चुलतभावाचं ऑनलाइन फॉर्म-झेरॉक्सचं दुकान होतं. लोकाइचे सातबारे, फेरफार, जुनी खरेदीखतं ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करून पीएनजी नावाच्या फाइल-प्रकारात ठेवत होतो. हार्ड डिस्क भरली तर भावानं एका रात्रीत अख्खं फोल्डर कमी क्वालिटीचं जेपेग (फोटोचा दुसरा फाइल-प्रकार) करून टाकलं अन् ओरिजिनल डिलिट, सकाळी मले खुशीत सांगते का ४० जीबीचं ६ झालं. पुढच्या वर्षी गावातल्या एका काकाच्या वावराची वाटणी निघाली. घरचा फेरफार वाळवीनं खाल्ला, म्हणून काका आमच्याकडे आले, "तुयाजवळ आहे ना बापू?" उघडून पाहतो तर अक्षराइभोवती नुसते डाग, गटाचा आकडा १ आहे का ९ समजेच ना. ऐन कापूस वेचणीत त्याइले नकलेसाठी तालुक्याच्या चार चकरा पडल्या. मले अजूनही ते आठवलं का झोप नाई लागत.

जेपेग ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील फेकते, झाडापानाच्या फोटोत ते खपते, शाईच्या कडेले नाई. पीएनजीत झिपवालीच डिफ्लेट पद्धत आहे, पुन्हा पुन्हा येणारं थोडक्यात लिहून ठेवते, उघडलं का पिक्सेल न् पिक्सेल तोच. ऑक्सीपीएनजी किंवा ऑप्टीपीएनजी हे पीएनजी लहान करायचं सॉफ्टवेअर चालवा, ते वेगवेगळे फिल्टर (फोटोचा रंग बदलणारे नाई, पिक्सेलचे आकडे मांडायच्या पद्धती) लावून पाहते अन् सगळ्यात लहान फाइल ठेवते, अन् ग्रे स्कॅन उगाच २४ बिट कलरमध्ये सेव्ह असन तर रंगाचं ओझं काढून टाकते, खरी बचत तिथंच होते. हेच मी भावाले सांगत होतो तर म्हणे रात्रभर मशीन कोण चालू ठेवन, लाइनीचा भरोसा नाई. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन माणसानं दाखवलं होतं का काही मोठ्या स्कॅनर मशीन साइज कमी करण्याच्या नादात ६ चा ८ करून देत होत्या, तेही साफ दिसणारा ८! मंग कागदावर भरोसा कसा ठेवायचा?

हं, मोबाइलच्या फोटोची आशा जास्त ठेवू नका, तो बहुतेक आधीच जेपेग राहते, जेपेगट्रान नावाच्या सॉफ्टवेअरनं (क्वालिटी न घालवता) थोडासाच कमी होते अन् झिप करून तर काहीच नाई. पीएनजीक्वांट नावाचं सॉफ्टवेअर लॉसलेस (काहीच न गमावणारं) नाई, रंग २५६ वर आणते. फॉर्मले केबीची लिमिट असन तर वेगळी लहान कॉपी बनवा, ओरिजिनलले हात नका लावू. अन् पीक नुकसानीच्या फोटोतून मेटाडेटा काढू नका, तारीख अन् लोकेशन त्यातच राहते, जेपेगट्रानमध्ये "कॉपी ऑल" (-copy all) हा पर्याय दिला का ते शाबूत राहते.