जॅझची लोकप्रियता रॉक अँड रोलमुळे ओसरली का?

प्रश्न : एके काळी अमेरिकेत जॅझ हेच सर्वांच्या तोंडी असलेले संगीत होते, असे वाचनात आले. मग ते मूठभर दर्दींपुरते कसे उरले? रॉक अँड रोल आला आणि जॅझ मागे पडला, असे म्हणतात ते खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : असे सर्रास म्हटले जाते, पण सनावळी पाहिली तर ते टिकत नाही. रॉक अँड रोलने जोर धरला १९५५-५६ मध्ये. बेनी गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी या जॅझमधील बड्या मंडळींनी आपापले वाद्यवृंद बरखास्त केले ते १९४६ च्या अखेरीस, तेही अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने. त्यांपैकी काहींनी पुढे पुन्हा जमवाजमव केली, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत.

माझ्या मते या सगळ्या चढउताराचे मर्म नाचात आहे. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले हे संगीत १९१७ मध्ये पहिल्यांदा तबकडीवर आले (ती तबकडी गोऱ्या वादकांची निघाली, याची खंत आजही वाटते), आणि पुढे शिकागो व न्यूयॉर्कमध्ये लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्यांच्या हाती ते बहरले. परंतु देशभरातील तरुणाई त्यामागे वेडी झाली ती १९३५ नंतर. त्या वर्षी २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पालोमार या नृत्यगृहात गुडमन यांचा वाद्यवृंद वाजवत होता. आधीचा दौरा फारसा रंगला नव्हता, म्हणून त्यांनी सुरुवातीला बेताच्या, सौम्य चाली वाजवल्या आणि श्रोते थंडच राहिले. मग त्यांनी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराने बांधलेल्या दमदार रचना काढल्या, तेव्हा मुले-मुली व्यासपीठाभोवती गोळा झाली आणि सभागृह दणाणून गेले. ‘स्विंग’चा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांच्या नाचऱ्या जॅझचा जमाना तेथून सुरू झाला, असे मानतात.

हा डोलारा मोठा खर्चिक होता. पंधरा-सोळा वादकांचे पगार, राहणे, गावोगावचा प्रवास हे सारे तिकीट काढून नाचायला येणाऱ्यांच्या जिवावर चालत असे. महायुद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आले. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मानधनाच्या वादावरून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि दोन बड्या कंपन्यांच्या बाबतीत तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत टिकला. गायकांना मात्र ही बंदी लागू नव्हती. वाद्यांऐवजी समूहगायनाची साथ घेऊन ते गात राहिले, आणि फ्रँक सिनात्रा यांच्यासारखे गायक वाद्यवृंदांपेक्षा मोठे झाले.

त्यातच १९४४ मध्ये सरकारने खाण्यापिण्यासोबत गाणे वा नाच असलेल्या जागांच्या बिलावर ३० टक्के कर बसवला. त्याच वर्षी तो २० टक्क्यांवर आणला गेला, तरी ओझे भारीच होते. नुसते वादन असेल तर हा कर लागत नसे. साहजिकच अनेक मालकांना नाचाच्या मोठ्या दालनापेक्षा टेबलाशी बसून ऐकण्याची छोटी जागा परवडू लागली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी रात्र रात्र वाजवणाऱ्या वादकांमधून आकाराला आलेल्या बीबॉप या जॅझच्या नव्या शैलीला अशी जागा मानवली. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी या बीबॉपच्या अग्रणी वादकांची लय इतकी चपळ, स्वरसंगती इतकी गुंतागुंतीची की तिच्यावर नाचणे अवघडच. त्यांनी लोकांकडे पाठ फिरवली, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. वादक म्हणून जे वाजवण्याची त्यांना ओढ होती ते त्यांनी वाजवले, आणि त्यातून विसाव्या शतकातील काही अत्यंत सुंदर संगीत जन्मले.

नाचणारी मंडळी मात्र लुई जॉर्डन यांच्यासारख्यांच्या लहान, ठसकेबाज वाद्यवृंदांकडे वळली. रॉक अँड रोल पुढे फुटला तो या प्रवाहातून; तो येईपर्यंत नाच जॅझच्या हातून कधीच निसटला होता.

आपल्याला त्या नाचऱ्या जॅझची चव घ्यायची असेल, तर दूर जाण्याची गरज नाही. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे अनेक गोवेकर वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही वाजवत. त्यांपैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांच्या सोबत काम करत. १९५१ च्या ‘अलबेला’मधील गाणी ट्रम्पेटकडे कान देऊन पुन्हा ऐकावीत.