दोष कुणाचा, बदली कुणाची?

प्रश्न : सर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. आमच्या गावात इंग्लंडचं फुटबॉल पाहणारे आम्ही पाचच जण. मे २०२५ मध्ये युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही रात्री साडेबाराला गच्चीवर, एकाच मोबाईलवर पाहिला. टॉटनहॅमनं मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं. टॉटनहॅमला १७ वर्षांनी चषक मिळाला आणि १६ दिवसांत त्यांचे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांना काढून टाकलं! माझा चुलतभाऊ म्हणते, "जिंकून देणाऱ्याले काढते का कोणी?" पानठेल्यावाले दादा म्हणतात, "इंग्लंडच्या लीगमध्ये वीस संघांत सतरावा नंबर आणला, मंग ठेवा कायले?" आमचा वाद अजून मिटला नाही. तुम्ही पोरं घडवली आहेत, तुम्हीच सांगा.

उत्तर : आधी दादांचं घेतो. लीगच्या ३८ सामन्यांत २२ पराभव, हे नुसत्या नशिबानं होत नाही. एखादा सामना पंचाच्या चुकीनं जातो, दोन-चार चेंडू खांबाला लागून परत येतात. बावीस वेळा तसं घडत नाही. दरवर्षी शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. त्या वर्षीचे ते तिन्ही फारच दुबळे होते, म्हणून ३८ गुणांवर टॉटनहॅम वाचलं. अठराव्या क्रमांकावरच्या लेस्टरचे गुण अवघे २५ होते.

पण हे बावीस पराभव लिहायचे कुणाच्या नावावर? त्या हिवाळ्यात रोमेरो आणि व्हॅन डी व्हेन हे मधले दोन्ही बचावपटू आणि गोलरक्षक विकारियो एकाच वेळी जायबंदी होते. मधल्या फळीत खेळणाऱ्या १८ वर्षांच्या आर्ची ग्रेला बचावाच्या मध्यभागी उभं करावं लागलं.

इथे मला माझी शाळा आठवते. मी २८ वर्षं पी.टी. शिकवली. एका वर्षी दसऱ्यानंतर सामने लागले आणि आमचा गोलकीपर, दोन्ही बॅक आणि सगळ्यात जास्त पळणारा पोरगा रोज सकाळी घरच्यांसोबत कापूस वेचायला जात होते. त्यांच्या बापांना मी काय सांगणार? मजूर मिळत नव्हते आणि बोंडं फुटून पडली होती. लहान पोरं घेऊन तीन सामने खेळलो, तिन्ही हरलो. संस्थेनं संघ माझ्याकडून काढून दुसऱ्या मास्तरांना दिला. संक्रांतीपर्यंत दुसरा वेचा आटोपला, पोरं मैदानात परतली आणि नव्या मास्तरांनी लागोपाठ दोन सामने जिंकले. सगळं गाव म्हणालं, बदल केला ते बरं झालं. ते मास्तर मेहनती होते, त्यांचं श्रेय मी घेत नाही. पण सामने जिंकले ते वेचणीतून परत आलेल्या पोरांनी.

मोठ्या क्लबांतही हे नेहमी होतं. प्रशिक्षकाला काढतात तेव्हा संघ अगदी तळाला गेलेला असतो. जायबंदी खेळाडू त्यानंतर परततात, वाईट दिवस तसेही ओसरतात, आणि नव्या माणसाच्या हाताला गुण आहे असं सगळ्यांना वाटतं.

तरीही मी पोस्टेकोग्लूंना पूर्ण सोडणार नाही. मी तिसऱ्या सामन्यातही त्या लहान पोरांना मोठ्यांसारखेच लांब पास मारायला लावत होतो. ती चूक माझी होती, कापसाची नव्हती. पोस्टेकोग्लूंची चूक त्याच जातीची. त्यांची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत वर येऊन उभी राहते. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध दोघांना लाल कार्ड मिळालं, नऊच खेळाडू उरले, तरी ती फळी मागे आली नाही आणि सामना १-४ गेला. वेगवान व्हॅन डी व्हेन असेल तर मागची मोकळी जागा भरून निघते. तो नसतानाही तसंच खेळत राहणं हा निर्णय प्रशिक्षकाचाच, तिथे दुखापतीचं कारण चालत नाही. शिवाय दर तीन-चार दिवसांनी सामना असताना इतकं पळायला लावलं की मांड्यांचे स्नायू दुखावणारच.

दोष किती, हे ठरवताना आपण मागे पाहतो. बदली करायची की नाही, हे ठरवताना पुढे पाहावं लागतं: हेच खेळाडू घेऊन येणारा माणूस जास्त काही करू शकेल का? जानेवारी २०२१ मध्ये चेल्सी नवव्या क्रमांकावर असताना प्रशिक्षक लॅम्पार्डला काढून थॉमस टुखेलला आणलं. त्यांनी एकही नवा खेळाडू न घेता मागे तीन बचावपटू उभे केले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, जिंकली. ती बदली शंभर टक्के बरोबर होती, कारण संघात जे होतं ते बाहेर काढणं आधीच्या माणसाला जमत नव्हतं. उलट फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिला चषक १९९० मध्ये मिळाला, मग पुढे कितीतरी मिळाले. लोक हे उदाहरण फार सहज देतात. तिथे चषक नसतानाही नवी पोरं तयार होताना दिसत होती, म्हणून थांबण्याला अर्थ होता. नुसतं थांबल्यानं कुणी फर्ग्युसन होत नाही.

आता तुमच्या चुलतभावाकडे येतो. तो अंतिम सामना पुन्हा आठवून पाहा. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल झाला आणि त्यानंतर टॉटनहॅम मागे सरकून बसलं. चेंडू बहुतेक वेळ युनायटेडकडेच होता. व्हॅन डी व्हेननं गोलरेषेवरून हवेत उडी मारून चेंडू बाहेर काढला, तो क्षण तुम्ही विसरला नसालच. वर चढूनच खेळायचं, असा दोन वर्षं हट्ट धरणाऱ्या माणसानं त्या रात्री तो हट्ट सोडला होता. मला हे चषकापेक्षाही मोठं वाटलं. स्वतःची रीत बदलू शकणारा प्रशिक्षक आणि दुखापतीतून परतलेला बचाव हाताशी असताना मी त्यांना किमान डिसेंबरपर्यंत ठेवलं असतं.

म्हणजे लीगमधल्या घसरणीचा निम्मा दोष त्यांचा, यात दादा बरोबर. काढायला नको होतं, यात तुमचा भाऊ बरोबर. चषक मिळाला एवढंच त्याचं कारण मात्र पुरेसं नाही, हेही त्याला सांगा.

आणि गावात पाहणारे पाच आहात असं लिहिलंत. खेळणारे किती आहेत, तेही पुढच्या पत्रात कळवा.