बांधकामाचे प्रश्न: जमिनीच्या काँक्रीटचा हिशेब

प्रश्न: शेतावर ३० फूट बाय ४० फुटांचं पत्र्याचं शेड उभं आहे. खाली धान्याची पोती आणि ट्रॅक्टर राहील. पाच इंच काँक्रीट करायचं ठरलंय. एक ठेकेदार ९० पोती सिमेंट सांगतो, दुसरा १३०. खोटं कोण बोलतंय? (एक वाचक, बारामती)

उत्तर: बहुधा दोघंही खरं बोलत आहेत, दोघांच्या मनातलं काँक्रीट मात्र वेगळं आहे.

आधी घनफळ. १,२०० चौरस फूट आणि जाडी पाच इंच, म्हणजे फुटाचे पाच बारांश. गुणाकार बरोबर ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास. मीटरमध्ये १४.१६ घनमीटर. पण कोरडा माल कालवल्यावर आकसतो, वाळू खडीच्या पोकळीत आणि सिमेंट वाळूच्या पोकळीत शिरतं. म्हणून ओल्या काँक्रीटच्या १.५४ पट कोरडा माल धरतात. त्यावरून एका ब्रास तयार काँक्रीटचा हिशेब असा बसतो: १:१.५:३ (सिमेंट, वाळू आणि खडी यांचं प्रमाण) म्हणजे एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी २३ पोती सिमेंट, ०.४२ ब्रास क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), ०.८४ ब्रास खडी. १:२:४ म्हणजे एम-१५ साठी १८ पोती, ०.४४ आणि ०.८८. नुसत्या बेडसाठी, म्हणजे खालच्या साध्या थरासाठी, १:३:६ केलंत तर साडेबारा पोती, ०.४६ आणि ०.९२. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, पुढे बरेच वाद मिटतात.

आता ५ ब्रास गुणिले १८, झाली ९० पोती. पहिल्या ठेकेदाराने १:२:४ धरलंय. दुसऱ्याने १:१.५:३ धरलं, त्याची नेमकी ११४ पोती होतात. वरची सोळा कुठून आली? त्याने बहुतेक तुमच्या शेडमधली जमीन पाहिली असावी. खालचा थर सरासरी अर्धा इंच खोल राहिला तर १,२०० चौरस फुटांवर ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास काँक्रीट जास्त जातं. त्यात साडेअकरा पोती गेली, उरलेली चार-पाच सांडलवंड. सूत्रात कोणी चुकत नाही, अंदाज फसतो तो खालच्या लेव्हलमध्ये. काँक्रीट मागवण्याआधी मुरूम रोलरने दाबून घ्या, कडेच्या फळ्यांच्या वरच्या धारेवरून आडवी दोरी ताणा आणि दर पाच फुटांवर दोरीपासून खाली टेप लावा. एकूण ६०-६५ मापं होतील, त्यांची सरासरी हीच तुमची खरी जाडी. कुठे साडेचारपेक्षा कमी भरलं तर तिथे मुरूम खरवडा, साडेपाचच्या वर गेलं तर मुरूम टाकून पुन्हा दाबा. एका मजुराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर एम-२० च करा. खरेदीसाठी १२० पोती, अडीच ब्रास क्रश सँड, साडेचार ब्रास २० मिमी खडी धरा. वाळू हिशेबापेक्षा (२.१ ब्रास) जास्त सांगितली, कारण ओली वाळू फुगते. एका सरळ बरणीत २० सेंमी ओली वाळू भरा, वरून पाणी सोडून ढवळा आणि बसू द्या. १६ सेंमीवर आली तर फुगवटा २५ टक्के. म्हणजे गाडीतल्या दर पाच घमेल्यांतलं एक घमेलं हवा.

गाडीचं मापही घ्याच. ‘एक ब्रासची ट्रॉली’ आतून १० बाय ६ आणि उंची दीड फूट भरली तर ती ९० घनफूट आहे, १०० नाही. पाच खेपांत अर्धा ब्रास गेला. शिवाय खडी वाटेत हलून बसते, त्यामुळे माप खाणीवर नव्हे, तुमच्या दारात मोजायचं हे आधीच बोलून घ्या.

खर्चाचं गणित दाखवायला काही दर धरतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला. सिमेंट ३६० रुपये पोतं: ४३,२००. क्रश सँड ५,००० रुपये ब्रास: १२,५००. खडी ४,००० रुपये ब्रास: १८,०००. मजुरी, मिक्सर, व्हायब्रेटर आणि घोटाई मिळून चौरस फुटाला ३० रुपये: ३६,०००. प्लास्टिक, गोणपाट, पाण्याचा टँकर: ५,०००. बेरीज १,१४,७००, म्हणजे फुटाला ९५-९६ रुपये. वर सांगितलेला अर्धा इंच याच दरांनी पावणेसात हजारांना पडतो. सोलिंग (खाली रचायचा दगडांचा थर) आणि मुरूम यात नाही. नऊ इंच सोलिंग केलंत तर दगड ९ ब्रास, त्याच्या पोकळीत भरायला साधारण ३ ब्रास मुरूम, आणि प्लास्टिक फाटू नये म्हणून वर इंचभर कच (अगदी बारीक खडी), ती १ ब्रास. प्लास्टिक धान्यासाठी हवंच, नाहीतर खालची ओल पोत्यांत चढते. सांध्यावर सहा इंच चढवायचं असल्याने १,४०० चौरस फूट घ्या.

मालासकट ठेका देणार असाल तर ‘चौरस फुटाला इतके’ एवढ्यावर थांबू नका. जाडी, प्रमाण आणि पोत्यांची संख्या कागदावर घ्या. फुटावरच्या ठेक्यात काँक्रीट जितकं पातळ तितका ठेकेदाराचा फायदा, यात माणसाच्या चांगुलपणाचा संबंध नाही.

प्रश्न: याच मापाच्या जमिनीत सळई घालायची का? आठ मिमीची जाळी आठ इंचांवर सांगितली आहे. किती किलो लागेल? (तेच वाचक)

उत्तर: सळईने तडा थांबत नाही, पडलेला तडा रुंदावत नाही इतकंच. तडे आवरायचे तर सांधे, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या सरळ फटी, हवेत, त्यावर पुढे येतो. खालचं सोलिंग पक्कं असेल आणि वर फक्त पोती व ट्रॅक्टर असेल तर सळईशिवाय चालतं. मालट्रक आत येणार असेल तर घाला.

सळईचं वजन मीटरला व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे आठ मिमीला ०.३९५ किलो. ४० फुटी दिशेला ४६ सळया, ३० फुटी दिशेला ६१. बाजारातली सळई १२ मीटरची, म्हणजे ३९ फूट ४ इंच. ती ४० फुटांना जोड न देता पुरते, दोन्ही टोकांना चार-चार इंच मोकळं राहिलं तरी बिघडत नाही. ३० फुटी तुकड्यामागे मात्र ९ फूट ४ इंच उरतात. ते भंगारात देऊ नका. १६ इंचांचा लॅप देऊन, म्हणजे टोकं एकमेकांवर तेवढी चढवून, चार तुकड्यांची एक ३० फुटी सळई होते. असं केलं तर ४६ अधिक ४९, एकूण ९५ सळया पुरतात, वजन ४५० किलो. तुकडे टाकून दिलेत तर १०७ सळया, ५०७ किलो. ६२ रुपये किलोने हा फरक साडेतीन हजारांचा. बाइंडिंग वायर पाच किलो पुरे.

जाळी प्लास्टिकवर पसरून ‘ओतताना वर ओढू’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गमबुटांखाली ती परत तळाला जाते आणि तळाची जाळी वरच्या तड्याला काही करत नाही. जाडीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे वरून दीड-पावणेदोन इंचांवर, खुर्च्या (जाळी उचलून धरणारे सळईचे वाकवलेले तुकडे) लावून बसवा.

सांधे दहा फुटांवर. ३० फुटांच्या रुंदीत दहा फुटी तीन पट्टे करा, पहिल्या दिवशी कडेचे दोन ओता, मधला दुसऱ्या दिवशी. एका पोत्याच्या मिक्सरने पट्ट्याला ३८ घाणी (मिक्सरच्या खेपा) लागतात, तासाला दहा-बारा धरल्या तर दोन पट्टे दिवसभरात उरकतात. पट्ट्यांच्या कडांचा सांधा आपोआप मिळतो, मग मशीनने आडवे तीनच चर कापायचे, म्हणजे ९० रनिंग फूट. सगळं एकदम ओतलंत तर १७० फूट कापावं लागेल. चराची खोली सव्वा ते दीड इंच हवी. कापताना धारेची खडी उखडत नाही इतकं घट्ट झालं की लगेच कापा. उन्हाळ्यात हे सहा ते बारा तासांतच येतं. ‘उद्या दुपारी बघू’ म्हणाल तर काँक्रीट स्वतःच आपला सांधा शोधतं. शेडच्या खांबांभोवती थर्मोकोल लावा, नाहीतर प्रत्येक कोपऱ्यातून तिरका तडा निघतो.

प्रश्न: आमची जमीन काळी, चिकण. शेजाऱ्यांचं काँक्रीट दोन पावसाळ्यांत मधोमध उचललं. आम्ही सहा इंच जाडी केली तर टिकेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: नाही. आठ इंच केलीत तरी उचलेल. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तो जोर जाडीने दाबता येत नाही. पैसा वर नाही, खाली घाला.

निदान दोन फूट काळी माती काढा. तीस बाय चाळीसच्या जागेला हे खोदकाम २४ ब्रास होतं. त्या जागी मुरूम भरायचा तर सैल मुरूम ३० ब्रास लागेल, कारण दाबल्यावर तो चौथाई-पाचवा हिस्सा बसतो. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी आणि रोलर. दोन फूट एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा अर्धा फूट दबतो, खालचा पुढच्या पावसाळ्यात बसतो आणि काँक्रीटखाली पोकळी राहते. काढलेली माती कडेला भरावाला वापरू नका. शेडच्या भोवती तीन फुटी उतरता ओटा करून पागोळीचं पाणी दूर काढा. या भरावाचा खर्च काँक्रीटइतका, कधी जास्तही होईल. अंदाजपत्रकात तो पहिल्या ओळीत लिहा, ‘किरकोळ’मध्ये नको.

प्रश्न: घरापुढे २० बाय १८ फुटांचं पार्किंग चार इंचांत करायचंय. आरएमसी (प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवू की जागेवर कालवू? आरएमसीवाला घनमीटरला सहा पोतीच सिमेंट म्हणतो, गवंडी आठ म्हणतो. (एक वाचिका, तळेगाव दाभाडे)

उत्तर: तुमचं काँक्रीट १२० घनफूट, १.२ ब्रास, म्हणजे ३.४ घनमीटर. आरएमसीची गाडी साधारण सहा घनमीटरची असते, अर्ध्या गाडीला वरचं भाडं लागतं. ते विचारूनच ठरवा. मिक्सरने जागेवर केलंत तर २८ घाणी, एका दिवसाचं काम. मला विचाराल तर एवढ्यासाठी मिक्सरच बरा. हाताने कालवणार असाल तर १० टक्के सिमेंट जास्त धरण्याचा प्रघात आहे.

सहा पोत्यांत फसवणूक नाही. गवंडी ठरीव प्रमाणाने, मापाने माल घेतो. प्लांटवर वजनाने घेतात, पाणी कमी करणारं रसायन आणि अनेकदा फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) वापरतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सळई असलेल्या एम-२० ला घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट हवं, ती सहा पोतीच झाली. गाडी मागवलीत तर दोन गोष्टी पाहा. चलनावर प्लांटमध्ये माल भरल्याची वेळ असते, तिथून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. आणि घनमीटरचं वजन सुमारे २,४०० किलो असतं, त्यामुळे वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतला फरक पाहिला की माल किती आला ते कळतं. पंप लावलात तर ३० मीटर पाइपात पाव घनमीटरहून जास्त काँक्रीट अडकतं, ते ऑर्डरमध्ये धरा.

उतार विसरू नका. शंभराला एक म्हणजे २० फुटांत २.४ इंच. हा उतार खालच्या मुरुमातच काढा. काँक्रीटच्या जाडीत काढलात तर सरासरी १.२ इंच वाढतात, ३६ घनफूट, म्हणजे आठ पोती नुसत्या उतारात.

प्रश्न: वर्षभरापूर्वी केलेल्या जमिनीवरून झाडू मारला की पांढरी भुकटी निघते. सिमेंट कमी होतं का? (एक वाचक, निफाड)

उत्तर: पाणी जास्त होतं, असं म्हणणं बरोबर ठरेल. एम-२० ला पोत्यामागे ३० लिटर ही कमाल, वाळूतली ओलही त्यातच धरून. सोपं पसरावं म्हणून मजूर चाळीस ओततात. जास्तीचं पाणी वर येतं, ते सुकवायला कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि लगेच थापी मारतात. मग वरचा कागदाएवढा थर कच्चाच राहतो. त्यावर पाणीही नीट मारलं नसेल. साध्या सिमेंटला ७ दिवस, पीपीसीला (फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात १० आणि १४ दिवस ओल ठेवावी लागते. वाफे बांधून इंचभर पाणी ठेवायला १,२०० फुटांना एका वेळी २,८०० लिटर लागतं, वर रोजची भर वेगळी. हे पाणीसुद्धा अंदाजात धरायचं असतं.

तुमच्या जमिनीवर खिळ्याने ओरखडा काढा. वरवरचं पांढरं निघून खाली टणक लागलं तर स्वच्छ धुऊन, वाळवून सिलिकेटचा हार्डनर दोन हात द्या, भागेल. खिळा सहज रुतत गेला तर आधी ग्राइंडरने कच्चा थर काढावा लागेल. त्यावर अर्ध्या इंचाचा सिमेंटचा गिलावा ओढून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. तो सहा महिन्यांत पोपड्यासारखा सुटतो. थर द्यायचाच तर खालचं खरबरीत करून, ओलं करून, सिमेंटची स्लरी लावून निदान दोन इंच काँक्रीट द्या आणि जुन्या सांध्यांवरच नवे सांधे कापा.